सुकाणू रिमोटवर, भार बॅटरीवर

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टेनेसी नदीवर धरण बांधून गंटर्सव्हिल तलाव तयार झाला. बास मासेमारीच्या स्पर्धांसाठी तो देशभर ओळखला जातो. इथल्या पाणगवताच्या कडेला लार्जमाउथ बास दबा धरून बसतो. होडीच्या पुढच्या टोकावर उभा राहून मासेमार तिथे अचूक गळ फेकतो. तेवढ्यात वारा होडीला बाजूला ढकलू लागतो. हातात गळाची काठी असल्यामुळे वल्ही मारायची सोय नसते, आणि मोठं इंजिन सुरू केलं तर मासा पळणार. अशा वेळी तो गळ्यात अडकवलेल्या छोट्या रिमोटचं बटण दाबतो. पुढे पाण्यात सोडलेली दांडी आपोआप वळते, पंखा हलकेच फिरतो आणि होडी जागच्या जागी थबकते.

हीच ट्रोलिंग मोटर. नाव मात्र फसवं आहे. ट्रोलिंग म्हणजे चालत्या होडीमागे आमिष ओढत नेणं, आणि बासच्या मोठ्या स्पर्धांत नेमकी त्यालाच बंदी असते. इथे मोटरचं काम होडी आवाज न करता सरकवणं आणि हवी तिथे धरून ठेवणं एवढंच. १९३४ साली नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावी ओ. जी. श्मिट यांनी फोर्ड गाडीच्या स्टार्टर मोटरला दांडी आणि पंखा जोडून अशी मोटर बनवली. मिनेसोटा आणि डकोटा या शेजारी राज्यांच्या नावांवरून त्यांच्या कंपनीचं नाव ‘मिन कोटा’ पडलं.

अशा रिमोटवर चालणाऱ्या मोटरला ‘वायरलेस’ म्हणतात, आणि या शब्दानेही अनेकांची गल्लत होते. बिनतारी असतो तो फक्त हुकूम. रिमोट किंवा पायाखालचं पेडल रेडिओ संदेश पाठवतं, पण बॅटरीपासून मोटरपर्यंत चांगल्या जाड तारा लागतातच.

म्हणून निवड रिमोटपासून नव्हे, होडीच्या वजनापासून सुरू करावी. मोटरचा रेटा पौंडांत मोजतात, आणि ढोबळ हिशेब असा की भरलेल्या होडीच्या दर शंभर पौंडांमागे किमान दोन पौंड रेटा हवा. इंजिन, इंधन, सामान आणि दोन माणसं धरून होडी चार हजार पौंडांची, म्हणजे साधारण १,८०० किलोंची झाली, तर ८० पौंडांची मोटर लागते. वारा आणि प्रवाह जोरदार असतील तर त्याहून मोठी.

रेटा ठरला की व्होल्टेज जवळपास ठरतंच. साधारण ५५ पौंडांपर्यंत १२ व्होल्टवर भागतं, ८०च्या आसपास २४ आणि ११२ पौंडांसाठी ३६ व्होल्ट लागतात. म्हणजे १२ व्होल्टच्या एक, दोन किंवा तीन बॅटऱ्या.

खरा खर्च आणि खरं ओझं इथे आहे. शंभर अँपिअर-तासांची शिसं-आम्लाची बॅटरी तीस किलोंच्या आसपास भरते, आणि ती निम्म्याहून जास्त उतरवली तर तिचं आयुष्य घटतं. तेवढीच लिथियम बॅटरी निम्म्याहूनही हलकी असते आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते, मात्र किंमत बरीच जास्त. ८० पौंडांची मोटर पूर्ण वेगात पन्नासहून अधिक अँपिअर ओढते. त्यामुळे तारेची जाडी आणि सर्किट ब्रेकर कंपनीने सांगितल्याप्रमाणेच हवेत, तिथे काटकसर नको.

दांडीची लांबी हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. पंखा पाण्याखाली किमान फूटभर राहिला पाहिजे. दांडी आखूड पडली तर प्रत्येक लाटेबरोबर होडीचं टोक वर उचललं जाताच पंखा हवेत घरघरतो आणि आवाजाने मासे बिथरतात. पुढचं टोक बुटकं असलेल्या बास होड्यांवर ४५ इंचांची दांडी सर्रास दिसते. टोक उंच असेल किंवा पाण्याला लाटा असतील, तर ५२ किंवा ६० इंची बघावी.

एवढं जमल्यावर वायरलेसचा विचार. जीपीएसवर होडी एका जागी धरून ठेवणारी सोय हा त्यातला सर्वांत मोठा फायदा. एकट्याने जाणाऱ्याला नांगर टाकायची, ओढायची यातायात उरत नाही. होडीच्या मागच्या बाजूला बसूनही मोटर हाकता येते. पण बुंध्यांच्या आणि गवताच्या दाटीत क्षणात दिशा बदलायची असेल, तर केबलने थेट जोडलेलं पेडल अधिक चटकन प्रतिसाद देतं. वायरलेसमध्ये हुकूम आणि हालचाल यांत किंचित अंतर पडतं. म्हणूनच अनेक स्पर्धक अजून केबल सोडायला तयार नाहीत. २०१६ साली आलेल्या ‘अल्ट्रेक्स’ या मॉडेलने केबलचं पेडल आणि जीपीएसचा नांगर एकाच मोटरमध्ये आणले, तेव्हा या मंडळींची सोय झाली.

तेव्हा मोकळ्या पाण्यात, सवडीने, एकट्यादुकट्याने मासे धरणाऱ्याने वायरलेस खुशाल घ्यावी. दाटीत शिरून स्पर्धा खेळणाऱ्याने केबलचं पेडल पायाखाली घेऊन बघितल्याशिवाय पैसे मोजू नयेत. आणि दुकानात जाण्याआधी दोघांनीही टेप घेऊन होडीच्या टोकापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजावं, आणि बॅटऱ्या ठेवायला जागा किती आहे तेही पाहून घ्यावं.