दाराखालचा पाइप

चेन्नईच्या जनरल पॅटर्स रोडवर गाडीच्या ॲक्सेसरीजची दुकानं एकाला एक लागून आहेत. तिथे ‘रॉक स्लायडर’, म्हणजे गाडी दगडावर टेकली तर तिचा भार झेलणारा दाराखालचा पाइप, मागा, समोर चकचकीत फूटस्टेप येते. पहिल्या खेपेला मीही तीच बसवून घेतली. पुढे डोंगरातल्या एका वाटेवर गाडी धोंड्यावर टेकली, फूटस्टेप वर दुमडली आणि दाराखालचा पत्रा आत गेला. दार लागेना. घरापर्यंत ते दोरीनं बांधून आणलं.

स्लायडर आणि फूटस्टेप लांबून सारखेच दिसतात, फरक आहे तो ते कशाला टांगलेत यात. थार, जिमनी, गुरखा या गाड्यांना खाली शिडीसारखी पोलादी चॅसी असते आणि वरची बॉडी तिच्यावर रबरी गुटक्यांवर बसवलेली असते. स्लायडरचे पाय चॅसीलाच धरलेले हवेत. दाराखालच्या पत्र्याला चार स्क्रूंनी अडकवलेली वस्तू पाय ठेवण्यापुरती ठीक. तिच्यावर गाडीचा निम्मा भार आला की तो पत्र्यातच शिरणार. म्हणून दुकानात आधी गाडीखाली वाकून बघावं. वरचं पावडर कोटिंग नंतर बघता येतं.

बोल्टनं बसणारा स्लायडर मला वेल्डिंगपेक्षा बरा वाटतो. चॅसीला आच लागत नाही आणि वाकला तर काढून नवा लावता येतो. पण बोल्ट कुठे जातात ते विचारा. चॅसीला कंपनीनं ठेवलेली भोकं वापरणारा किंवा पट्ट्यांनी चॅसीला कवळून बसणारा स्लायडर घ्यावा. ड्रिल घेऊन आलेल्या कारागिराला तिथेच थांबवावं. पेटीसारख्या पोकळ चॅसीतून बोल्ट आरपार गेला असेल, तर आत नळीचा तुकडा हवा, नाहीतर नट आवळताना चॅसीचे दोन्ही पत्रे एकमेकांकडे चेपले जातात. ब्रेकची आणि इंधनाची नळीही चॅसीच्याच कडेनं जाते. ती पट्टीखाली सापडलेली नाही ना, हे बॅटरी मारून बघावं. बोल्टच्या डोक्यावर 8.8 कोरलेलं असावं. कोऱ्या डोक्याचा बोल्ट मी परत करतो.

आता पाइप. आपल्याकडे दीड इंची म्हणून मिळणाऱ्या पाइपाचा बाहेरचा व्यास 48.3 मिलिमीटर, सव्वा इंचीचा 42.4. जाडी तीच ठेवून सव्वावरून दीडवर गेलं, तर वजन साधारण 15 टक्के वाढतं, ताठपणा मात्र दीडपट होतो. कारण पातळ पाइपाचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी ओळखायला सोपी खूण आहे. कारखान्यातून आलेल्या आयएसआय पाइपावर रंगाचा पट्टा असतो: पिवळा हलका, निळा मध्यम, लाल जड. लाल पट्ट्याच्या दीड इंची पाइपाची भिंत सुमारे 4 मिलिमीटर जाड आणि वजन मीटरला सव्वाचार किलोच्या पुढे. रंग दिल्यावर पट्टा झाकला जातो, म्हणून पाइप कापायच्या आधीच दुकान गाठावं.

लांबी वाढली की पायही वाढवा. तीनदारी थारचा व्हीलबेस 2450 मिलिमीटर, लांब थार रॉक्सचा 2850. म्हणजे मध्ये 40 सेंटिमीटर जास्तीचं अंतर. थारला तीन पाय पुरले तर रॉक्सला मी चार मागेन. स्लायडर आणि दाराखालचा पत्रा यांच्यात बोटभर फट राहू द्यावी, कारण भाराखाली पाइप थोडा वर उचलला जातोच. जमिनीपासूनची उंची मात्र खायची नाही. जिमनीला मुळात 210 मिलिमीटर मिळालेत. त्यातले पन्नास स्लायडरनंच घेतले तर एरवी पार झाला असता तो दगडही अडवेल.

बाहेरच्या बाजूला पाइप टायरच्या रेषेच्या आत असावा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत परस्पर फेरबदल करायला मनाई करतं, आणि डिसेंबर 2017 मध्ये केंद्रानं राज्यांना गाडीच्या तोंडावर लावतात त्या बुलबारवर कारवाई करायला सांगितलं होतं. वळणावरच्या पोलिसाला बुलबार आणि स्लायडर यांतला भेद समजावत बसायची हौस मला नाही.

पैसे द्यायच्या आधी जॅकची परीक्षा घ्या. सपाट जमिनीवर, उलट बाजूच्या चाकांना ठोकळे लावून, स्लायडरच्या मधोमध जॅक लावायचा आणि त्या बाजूची चाकं जमीन सोडेपर्यंत गाडी उचलायची. गाडीत कुणी बसायचं नाही, खाली कुणी जायचं नाही. मग दार उघडून लावून बघायचं. नेहमीच्याच आवाजात लागलं, पाइप कुठे पत्र्याला टेकला नाही आणि खाली उतरवल्यावर वाकही राहिला नाही, तर घ्यावा.

पहिल्या दोनेकशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. आणि चेन्नईत राहणाऱ्यानं एक गोष्ट जास्तीची विचारावी: पाइपाच्या खालच्या अंगाला पाणी निथळायचं भोक आहे का? इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. रस्त्यावर गुडघाभर पाणी आणि हवेत बारमाही खारेपणा. टोकं बंद केलेल्या पाइपात शिरलेलं पाणी आतल्या आत पोलाद खातं, बाहेरचा काळा रंग शाबूत असतो. माझ्या दुसऱ्या जोडीला भोक नव्हतं. मी पाइप हलवला तेव्हा आत पाणी डुचमळत होतं.