पाहून कळते, पण हात बसतो सरावानेच

आयटीआयच्या फिटर ट्रेडला प्रवेश घेतला की सुरुवातीच्या दिवसांतच हातात येते ती कानस. व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा आवळायचा आणि त्याची एक बाजू घासून सपाट करायची. काम सोपे वाटते. कानस पुढे नेताना दाब द्यायचा, मागे आणताना सोडायचा. मोबाइलवरच्या पाच मिनिटांच्या व्हिडिओत हे छान समजते. प्रत्यक्षात तासभर घासून झाल्यावर गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरला, की मधोमध उंचवटा दिसतो आणि दोन्ही कडांच्या फटीतून उजेड येतो. कारण कानस जसजशी पुढे सरकते, तसतसा डाव्या हाताचा दाब कमी आणि उजव्याचा वाढत जावा लागतो. हे वाक्य कोणालाही पाठ होईल. हातांना ते कळायला मात्र बरेच दिवस जातात.

व्यवसाय शिक्षणात डिजिटल साधने आणताना नेमका हाच मुद्दा कळीचा ठरतो. काही भाग पडद्यावर आणि काही भाग समोरासमोर शिकवण्याच्या पद्धतीला ‘ब्लेंडेड लर्निंग’ म्हणजे मिश्र शिक्षण म्हणतात. शाळा-महाविद्यालयांत ते आता नवे राहिलेले नाही. पण जिथे हाताचे कसब हीच पुढच्या आयुष्याची शिदोरी, तिथे पडद्याला किती जागा द्यायची?

टाळेबंदीने दिलेला धडा

कारागीर प्रशिक्षण योजना देशात १९५० मध्ये सुरू झाली. आज देशभरात १४ हजारांहून अधिक आयटीआय आहेत आणि महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय संस्था. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि या सगळ्या कार्यशाळांना कुलपे लागली. केंद्र सरकारच्या प्रशिक्षण महासंचालनालयाचे ‘भारत स्किल्स’ हे पोर्टल त्याआधीच, २०१९ मध्ये, सुरू झाले होते. चेन्नईच्या ‘निमी’ या संस्थेची पुस्तके, व्हिडिओ आणि प्रश्नसंच मोबाइलवर मिळत होते. त्यामुळे थिअरी कशीबशी चालू राहिली. लेथ मात्र कोणाच्याच घरी नव्हता.

कार्यशाळा पुन्हा उघडल्या, तरी पडदा परत गेला नाही. थिअरीची परीक्षा आता संगणकावर होते. दुसरीकडे, २०२२ मध्ये अभ्यासक्रमात बदल झाले आणि वर्षाचे तास १६०० वरून १२०० वर आले. त्यांतले ८४० तास प्रात्यक्षिकाचे, २४० थिअरीचे आणि १२० रोजगार कौशल्यांचे. थोडक्यात, मशीनसमोर उभे राहण्याचा प्रत्येक तास आता अधिक मोलाचा झाला आहे.

कसब तीन टप्प्यांत येते

मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी १९६७ मध्ये हाताचे कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यात माणूस विचार करत करत काम करतो: आधी काय, मग काय, हात कुठे. दुसऱ्यात चुका कमी होतात, हालचाली जुळू लागतात. तिसऱ्यात काम आपसूक होते आणि डोके दुसरीकडे लक्ष द्यायला मोकळे राहते. सायकल चालवता चालवता गप्पा मारता येतात, त्या याच टप्प्यावर.

पडद्याचा खरा उपयोग पहिल्या टप्प्याला. नवख्या मुलाला यंत्राचा आवाज, निदेशकांची सूचना, ड्रॉइंगवरची मापे आणि स्वतःचे हात हे सारे एकाच वेळी सांभाळावे लागते. एका वेळी मनात धरून ठेवता येणाऱ्या गोष्टींना मर्यादा असते. नव्या माहितीचा भार तिच्यापलीकडे गेला की शिकणे थांबते, असे जॉन स्वेलर यांचा १९८८ पासून विकसित झालेला सिद्धांत सांगतो. व्हर्नियरचे माप कसे वाचायचे, कामाचा क्रम काय, कोणती काळजी घ्यायची, हे आदल्या दिवशी व्हिडिओत पाहून आलेल्या मुलाचा हा भार हलका होतो.

दुसरा उपयोग उजळणीचा. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिला. मोबाइलवरची पाच प्रश्नांची छोटी चाचणी हेच काम करते. दहा वेळा पाहिलेला व्हिडिओ ते करत नाही.

पाहण्याने फुगणारा आत्मविश्वास

इथेच एक धोका दडलेला आहे. शिकागो विद्यापीठातील मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन यांनी २०१८ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. टेबलावरची भांडी न हलवता खालचा कापडी आच्छाद झटक्यात ओढायचा, नेम धरून डार्ट मारायचा, अशा करामतींचे व्हिडिओ काहींना एकदा, तर काहींना वीस वेळा दाखवले. वीस वेळा पाहणाऱ्यांना आपल्याला हे जमेल याची अधिक खात्री वाटली. डार्ट मारायची वेळ आली तेव्हा त्यांचा नेम इतरांपेक्षा सरस ठरला नाही. आणखी एका प्रयोगात पिना हवेत झेलण्याचा व्हिडिओ दाखवून नंतर त्या पिना नुसत्या हातात धरायला दिल्या. तेवढ्यानेच फाजील आत्मविश्वास खाली आला.

डार्टचा नेम चुकला तर हसण्यावारी नेता येते. ग्राइंडरच्या फिरत्या चाकासमोर तोच भ्रम बोटावर बेतू शकतो. म्हणून व्हिडिओ आणि हातात अवजार यांच्यात फार दिवसांचे अंतर असू नये.

वेल्डिंगचे उदाहरण

वेल्डिंगच्या आर्कमधील अतिनील किरणांनी डोळ्यांना इजा होते. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी येते. वेल्डिंगच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या यादीत टाकले. अशा ट्रेडमध्ये सिम्युलेटर हे वरदानच. धूर नाही, ठिणग्या नाहीत, इलेक्ट्रोड वाया जात नाहीत. आणि हाताचा कोन किंवा वेग चुकला की लगेच समजते.

अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठात या साधनांवर अभ्यास झाले. निम्मा वेळ सिम्युलेटरवर आणि निम्मा वेळ खऱ्या वेल्डिंगवर घालवणारे प्रशिक्षणार्थी निव्वळ पारंपरिक पद्धतीने शिकणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. केवळ सिम्युलेटरवर शिकणाऱ्यांना सोपी कामे जमली, पण सर्वात अवघड जोडकामात मिश्र पद्धतच पुढे राहिली. गट लहान होते, तरी दिशा स्पष्ट आहे. वितळलेल्या धातूचा ताव, हेल्मेटखालचा घाम, उडणारी ठिणगी आणि तरीही न हलणारा हात यांची सवय खऱ्या बूथमध्येच होते.

आधी ठरवायच्या गोष्टी

अमेरिकेच्या शिक्षण विभागाने २०१० मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात निव्वळ समोरासमोरच्या शिक्षणापेक्षा मिश्र शिक्षणाचे निकाल चांगले आढळले. मात्र त्या विद्यार्थ्यांना बहुधा अभ्यासाला जास्तीचा वेळ आणि साहित्यही मिळाले होते, हेही त्याच अहवालात नोंदवले आहे. म्हणजे नुसते अ‍ॅप वाटून फायदा होत नाही.

घरात एकच स्मार्टफोन आणि तो वडिलांबरोबर कामावर, ही अनेक घरांतली स्थिती. म्हणून व्हिडिओ लहान, मराठीतून आणि डाउनलोड करून ठेवता येणारे हवेत. ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांच्यासाठी संस्थेची संगणक खोली तासांनंतरही उघडी हवी. निदेशकांना डिजिटल कामासाठी वेगळा वेळ मिळायला हवा. एरवी तो कार्यशाळेतल्या वेळातूनच कापला जातो.

पालकांनी प्रवेशापूर्वी संस्थेत एक प्रश्न जरूर विचारावा: व्हिडिओमुळे वाचलेला वेळ जातो कुठे? तो वेळ मशीनवर, निदेशकांच्या नजरेखाली जात असेल, तर पडदा मुलाच्या हाताला बळ देतो आहे. यंत्र बंद आहे किंवा निदेशकाची जागा रिकामी आहे म्हणून पडदा लावला जात असेल, तर मुलाच्या हाती प्रमाणपत्र पडेल, कसब नाही. कारखान्यात पहिल्या दिवशी सुपरवायझर तुकडा उजेडाकडे धरतो, तेव्हा गुण्याखालची फट लपत नाही.