घोड्याची निगा : मोठ्या वयाचा अभ्यास

लग्नसराईच्या दिवसांत गारखेड्याच्या सूतगिरणी चौकात संध्याकाळी थोडा वेळ उभे राहिले, तर वरातीचा एखादा तरी घोडा दृष्टीस पडतोच. त्याची झालर, कलगी, घुंगरे सर्वजण पाहतात. परंतु तो मागचा पाय सारखा का उचलतो, दुपारपासून तो पाणी प्याला आहे काय, त्याला नाल केव्हा मारली होती, हे प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाहीत. माझ्याही मनात ते फार उशिरा आले.

माझे वडील याच शहरात टांगा चालवीत. १९८० नंतरच्या त्या वर्षांत स्टेशनाबाहेर टांग्यांची रांग असे. एकदा उन्हाळ्यात दौलताबादची लांबची फेरी करून आमचा घोडा थकून आला. वडिलांना त्याची कणव आली आणि त्यांनी त्याच्यापुढे दुप्पट चंदी ठेवली. रात्री घोडा पोटाकडे वळून वळून पाहू लागला, पायाने जमीन उकरू लागला, लोळू लागला. पहाटे तो गेला. ‘कोणाची तरी दृष्ट लागली,’ असे वडील अखेरपर्यंत म्हणत राहिले आणि मीही तेच खरे मानीत होतो.

वयाच्या ४६व्या वर्षी मी पुण्याकडील एका रपेटशाळेत अश्वसंगोपनाच्या छोट्या अभ्यासवर्गास गेलो. (आपल्या महाविद्यालयात प्रवेश घेतला, तो त्यानंतर दोन वर्षांनी.) शिकविणारा मुलगा माझ्याहून वीस वर्षांनी लहान होता. घोड्यावर बसायला मिळेल असे वाटले होते. पण पहिला आठवडा लीद काढणे, खरारा करणे आणि खूर साफ करणे यातच गेला. ‘हे काय शिकायचे? हे तर लहानपणीच केले आहे,’ असे मनात येई. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याची खरी अडचण हीच. त्याची पाटी कोरी नसते. तिच्यावर अर्धे चुकीचे आधीच लिहिलेले असते.

चंदीचा पाठ आला त्या दिवशी मात्र मी गप्प झालो. गाय-बैल रवंथ करतात, त्यांचे पोट मोठे असते. त्यामुळे आपण घोड्यालाही त्याच मापाने मोजतो. वास्तविक एवढ्या मोठ्या जनावराचे जठर फार लहान, सुमारे ८ ते १५ लिटरचे असते. शिवाय घोड्याला ओकारी होत नाही. एका वेळी फार दाणा पोटात गेला, तर तो आंबतो, वायू धरतो. पोट फुगते आणि प्रसंगी जठर फुटतेसुद्धा. कडबा व गवत यांचे खरे पचन पुढे मोठ्या आतड्यात, तेथील सूक्ष्म जीवांकडून होते. म्हणून मोकळा घोडा दिवसाचा बहुतेक वेळ थोडे थोडे चरत असतो. चारा हे त्याचे मुख्य अन्न, दाणा ही जोड. दाणा द्यायचा तो थोडाथोडा, विभागून. श्रमानंतर घोडा निवल्यावर. आणि खाद्य बदलायचे ते सात-दहा दिवसांत हळूहळू. आमचा घोडा दृष्टीने गेला नव्हता, तो आमच्या मायेने गेला होता. त्या मायेला ज्ञानाची जोड नव्हती, एवढेच.

मग अशा अभ्यासवर्गात शिकवितात तरी काय? मुख्यतः पाहायला शिकवितात. विश्रांतीच्या वेळी मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला सुमारे २८ ते ४४ असते. ती जबड्याच्या कडेला बोटे ठेवून मोजता येते. श्वास ८ ते १६, आणि ताप नसताना अंग सुमारे ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट. हिरडी बोटाने दाबून सोडली, तर दोन सेकंदांत रंग परत यावा. दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून अधिक. निरोगी घोड्याचे हे आकडे ज्याला ठाऊक आहेत, त्याला बिघाड आधी कळतो आणि पशुवैद्याला वेळेवर बोलाविता येते.

दुसरा पाठ खुराचा. खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून नाल काढून, खूर तासून, पुन्हा बसवावी लागते. नाल झिजली नाही म्हणून तशीच ठेवणे ही काटकसर महागात पडते, कारण वाढलेल्या खुराने पायाचा तोल बिघडतो. तिसरा पाठ स्वतःच्या जिवाचा. घोड्याला थेट पाठीमागचे दिसत नाही; म्हणून आवाज देत खांद्याच्या बाजूने जवळ जावे. ग्लँडर्ससारखा रोग घोड्यापासून माणसालाही होतो, तेव्हा नाकातून घट्ट स्राव वाहत असेल, अंगावर गाठी व व्रण दिसले, तर घोडा लपवू नये, सरकारी दवाखान्यात कळवावे.

हे शिकण्याच्या सोयी देशात आहेत. परभणीस १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. हरियाणातील हिसार येथे १९८५ साली राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र निघाले. मुंबईस महालक्ष्मी येथील अॅमॅच्युअर रायडर्स क्लब १९४२ पासूनचा आहे. इंग्लंडात ब्रिटिश हॉर्स सोसायटीच्या टप्प्याटप्प्याच्या परीक्षांना प्रौढ माणसेही बसतात. कोणताही वर्ग निवडताना मात्र तीन गोष्टी विचाराव्यात : रोज घोड्याला हात लावायला मिळतो काय? पशुवैद्य व नालबंद स्वतः येऊन शिकवितात काय? आणि तेथील घोडे धडधाकट आहेत काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या डोळ्यांनीच घ्यावे.

परंतु ज्याला या शिक्षणाची सर्वांत अधिक गरज आहे, तो वरातीच्या घोड्याचा मालक यांपैकी कोठेच जात नाही. त्याची रोजची मजुरी बुडते, आणि चाळिशीत बाकावर बसायची त्याला लाज वाटते. २ ऑक्टोबर १९७८ रोजी आपल्या देशात राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा अक्षरांबरोबर माणसाच्या नित्याच्या कामाचे ज्ञानही त्याला मिळावे, असा विचार त्यामागे होता. तोच विचार येथे लागू आहे. सारंगखेड्याच्या किंवा नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या यात्रेत शेकडो घोडेवाले आपणहून एकत्र येतात. वर्ग तेथेच, झाडाखाली भरला तर?

असा वर्ग आपल्या परंपरेला परका नाही. १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूण भागातील छावणीच्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा-वैरण बेताने वापरा, नाहीतर भर पावसात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल; रयतेला त्रास देऊ नका; दिवा-विस्तव जपा, गवताची गंजी पेटेल, असे त्यात बजावले आहे. घोड्यावर आयुष्य घालविलेल्या अनुभवी माणसांनाही घोड्याच्या निगेचा पाठ नव्याने द्यावा लागतो, हे राजाने ओळखले होते. त्यात त्या माणसांना कमीपणा नव्हता.

मी आता घोडा पाळीत नाही. पण सूतगिरणी चौकात वरात थांबली की पुढे होऊन विचारतो, ‘दादा, याला पाणी दाखविले का?’ कोणी रागावतो, कोणी हसतो. परवा एकाने मात्र बादली मागितली, आणि समोरच्या हॉटेलवाल्याने ती भरून दिली. घोड्याने ती एका दमात संपविली.