श्रीरंगपट्टण : नदीच्या भरवशावरचा किल्ला

किल्ला म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे डोंगर उभा राहतो. रायगड-राजगडांना निसर्गाने कडे दिले. सपाट मुलखात ते काम नदीकडून करून घ्यावे लागते. भुईकोटाला खंदक खणावा लागतो, नदीकाठच्या किल्ल्याला तो आयता मिळतो. मात्र हा आयता खंदक बारा महिने सारखा भरलेला नसतो. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवून श्रीरंगपट्टण पाहिले, तर तेथील इतिहासाचा उलगडा सहज होतो.

म्हैसूरपासून सुमारे 15 किलोमीटरवर कावेरीचे दोन फाटे होतात आणि पुढे पुन्हा एकत्र मिळतात. मधल्या बेटाच्या पश्चिम टोकाला हा किल्ला आहे. हैदरअली आणि टिपू सुलतान यांची ही राजधानी. तट भक्कम आणि बाहेर नदीचे पाणी. कावेरी कोडगूच्या डोंगरांत उगम पावते. तेथे नैऋत्येचा पाऊस कोसळू लागला की खाली बेटाभोवती पूर येतो. उन्हाळ्यात मात्र पात्रातले खडक उघडे पडतात आणि माणूस पायी उतरून जाऊ शकतो. म्हणजे किल्ल्याची एक तटबंदी दगडाची, कायमची. दुसरी पाण्याची, हंगामी.

इतिहासाच्या तासाला मुले सन पाठ करतात, महिना विसरतात. येथे महिन्याला फार महत्त्व आहे. 1791 च्या मे महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणपाशी येऊन ठेपला. त्याने लढाईत टिपूच्या फौजेला मागे रेटले. पण पाऊस सुरू झाला, दाणावैरण संपली, तोफा ओढणारे बैल मेले. शेवटी आपल्याच मोठ्या तोफा निकामी करून त्याला माघार घ्यावी लागली. वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा भेटल्या आणि त्यांच्या बाजारातल्या धान्यावर इंग्रजांच्या उपाशी लष्कराचा जीव निभावला. पुढच्या खेपेस कॉर्नवॉलिस 1792 च्या फेब्रुवारीत, कोरड्या दिवसांत आला. 6 फेब्रुवारीच्या रात्री हल्ला करून इंग्रज बेटावर उतरले. तहात टिपूला अर्धे राज्य, 3 कोटी 30 लक्ष रुपये आणि ओलीस म्हणून दोन मुलगे द्यावे लागले. मराठ्यांची हद्द तुंगभद्रेपर्यंत गेली.

1799 साली जनरल हॅरिस एप्रिलमध्ये आला. आता दोन्ही पक्षांचे डोळे आभाळाकडे होते. पावसाळा येईपर्यंत तट टिकला असता, तर नदीने पुढचे काम केले असते. इंग्रजांजवळचे धान्यही संपत आले होते. त्यांनी पश्चिमेच्या तटाला भगदाड पाडले आणि 4 मे रोजी भर दुपारी, साधारण एक वाजता, पात्र ओलांडून हल्ला चढविला. थोड्याच वेळात ते तटावर चढले. त्याच दिवशी टिपू लढता लढता किल्ल्यातच पडला. पूर यायला तेव्हा काही आठवड्यांचाच अवकाश होता.

या युद्धात मराठे अलिप्त राहिले. किल्ला पडल्यावर तेथील कारभार आर्थर वेलस्लीकडे आला. हाच वेलस्ली 1803 मध्ये पुण्यास आला आणि त्याच वर्षी शिंदे-भोसल्यांशी लढला. नद्या भरलेल्या असताना मोहीम काढावी, म्हणजे मराठ्यांचे घोडदळ अडून पडेल, असा त्याचा विचार होता. नदीचे पंचांग ज्याला कळले, त्याने ते आपल्याविरुद्धही वापरले, हे मराठी प्रवाशाने विसरू नये.

किल्ला पाहावयास जाणाऱ्यांनी प्रथम पश्चिमेच्या तटाकडे जावे. तेथे भगदाडाच्या जागेजवळ स्मारकस्तंभ आहे. तेथून पात्राकडे पाहून उतार कसा मिळाला असेल याचा अंदाज घ्यावा. मात्र आज दिसणारे पाणी 1799 चे नव्हे; वरच्या अंगाला कृष्णराजसागर धरण झाल्यापासून प्रवाह माणसाच्या हाती आला आहे. मग टिपूचे शव सापडले ती जागा, नदीच्या बाजूचे बंदीखाने, श्रीरंगनाथाचे प्राचीन देवालय आणि दोन उंच मिनारांची जामा मशीद पाहावी. देवालय आणि मशीद एकाच तटाच्या आत आहेत. तटाबाहेर, बेटावरच, दर्या दौलत बागेतील महालात 1780 च्या पोल्लिलूरच्या लढाईचे भित्तिचित्र आहे. पूर्वेकडे गुंबजात हैदर, टिपू आणि टिपूची आई यांच्या कबरी आहेत.

मुलांना बरोबर नेणाऱ्यांनी त्यांना एकच प्रश्न घालावा : हा किल्ला मे महिन्याऐवजी जुलैत वेढला असता तर? उत्तर कोणी ठामपणे देऊ शकणार नाही. पण ते शोधताना मुले तटावरून खाली नदीकडे पाहतील, आणि अर्धा किल्ला तर तिथेच आहे.