प्रसूती लाभ : हक्क कोणाचा, भार कोणावर?

बाळंतपणाच्या रजेला आपण सहज ‘सुट्टी’ म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने तो वेतनासह मिळणारा हक्क आहे. मुंबई प्रांतात असा कायदा १९२९ मध्ये झाला, तर प्रसूती लाभ अधिनियम १९६१ मध्ये आला. २०१७ च्या दुरुस्तीने १२ आठवड्यांची रजा २६ आठवडे झाली.

पात्रता : अपेक्षित प्रसूतीपूर्वीच्या १२ महिन्यांत त्या आस्थापनेत किमान ८० दिवस काम.

कालावधी : २६ आठवडे, त्यांपैकी प्रसूतीपूर्वी जास्तीत जास्त ८. दोन किंवा अधिक मुले हयात असल्यास १२ आठवडे.

रक्कम : रजेपूर्वीच्या तीन महिन्यांचे सरासरी दैनिक वेतन. आठवडा सात दिवसांचा, म्हणजे रविवारही धरायचा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केले. दैनिक वेतन ५०० रुपये असल्यास १८२ दिवसांचे ९१,००० रुपये होतात. रविवार वगळले तर १३,००० रुपये बुडतात.

रोजंदारी कामगार : दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील स्त्रियांनाही हा लाभ मिळतो, असा निकाल २००० मध्ये लागला. म्हणून ‘तू कायम नाहीस’ हे कारण पुरेसे नाही.

आता मर्यादा पाहू. या कायद्यात खर्च एकट्या मालकाने करायचा असतो. त्यामुळे काही मालक स्त्रियांना कामावर घेणेच टाळू शकतात. कर्मचारी राज्य विमा योजनेत मात्र हीच रक्कम सर्वांच्या वर्गणीतून जमलेल्या निधीतून दिली जाते.

विचार करा : शेतमजूर किंवा घरकामगार स्त्रीचा ‘मालक’ कोण ठरवायचा?