पाठीराखे, देणगीदार आणि खेळाडू विद्यार्थी

शाळेस देणगी देणारा मनुष्य हा शाळेचा मित्र होय. अनेक गावांतील शाळांची पटांगणे व क्रीडासाहित्य अशा मित्रांच्या औदार्यातूनच उभे राहिले आहे. तथापि देणगी कोणास व कोणत्या मार्गाने द्यावी, हा प्रश्न औदार्याइतकाच महत्त्वाचा आहे. या प्रश्नाचा दीर्घ व पुष्कळसा कडू अनुभव अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील महाविद्यालयांनी घेतला आहे. शिक्षकांस तो उद्बोधक वाटेल.

नियमांची आवश्यकता का भासली?

अमेरिकेत महाविद्यालयीन सामने हा मोठा लोकोत्सव असतो. मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडागारात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. संघ विजयी व्हावा म्हणून माजी विद्यार्थी, व्यापारी व नागरिक मुक्तहस्ताने पैसा देतात. या मंडळींना तेथे ‘बूस्टर’ म्हणजे पाठीराखे म्हणतात. परंतु संस्थेवरील प्रेमाचे रूपांतर हळूहळू विजयाच्या हव्यासात झाले आणि चांगले खेळाडू आपल्या संघात ओढण्यासाठी त्यांच्या हाती गुपचूप पैसे पडू लागले. १९२९ साली कार्नेगी फाउंडेशनने प्रसिद्ध केलेल्या अहवालात, पाहणी केलेल्या बहुसंख्य महाविद्यालयांत खेळाडूंना या ना त्या स्वरूपात आर्थिक आमिष मिळत असल्याचे नमूद झाले होते. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन ही संस्था १९०६ मध्ये स्थापन झाली होती. पाठीराख्यांविषयीचे नियम पुढे तिने क्रमाक्रमाने सिद्ध केले.

पाठीराखा कोणास म्हणावे?

क्रीडाविभागास देणगी देणारा, पाठीराख्यांच्या मंडळाचा सभासद, खेळाडूंची भरती करण्यास साहाय्य करणारा, खेळाडूस नोकरी मिळवून देणारा, अशा प्रत्येक व्यक्तीस हे नाव लागू होते. एकदा ते लागले की पुढे देणगी बंद केली तरी जन्मभर सुटत नाही. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, पाठीराख्याने केलेल्या नियमभंगाची जबाबदारी संस्थेवर येते. ‘तो बाहेरचा मनुष्य, आमचा त्याच्याशी संबंध नाही,’ असे म्हणण्याची सोय संस्थेस राहत नाही.

काय चालते व काय चालत नाही?

मूळ तत्त्व साधे आहे. पाठीराख्याने संस्थेच्या क्रीडाविभागास द्यावे, खेळाडूच्या हाती देऊ नये. रोख रक्कम, कर्ज, कर्जास जामीनकी, मोटार, फुकट निवास, आईवडिलांस भेटी, यांपैकी जे इतर सामान्य विद्यार्थ्यांस मिळत नाही ते खेळाडूसही देता येत नाही. खेळाडूस नोकरी देता येते. मात्र त्याने काम प्रत्यक्ष केले पाहिजे आणि मोबदला त्या कामाच्या चालू दराइतकाच असला पाहिजे. खेळाडूस क्वचित प्रसंगी घरी जेवावयास बोलावण्यास मुभा आहे. अमुक महाविद्यालयात ये, तुला अमुक देतो, असे शाळकरी खेळाडूस सांगणे मात्र निषिद्ध आहे.

एका विद्यापीठाची कथा

नियम मोडल्यास काय घडते, याचे ठळक उदाहरण टेक्सस राज्यातील सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठाचे होय. तेथील फुटबॉल संघातील तेरा खेळाडूंस १९८५ व १९८६ मध्ये एका पाठीराख्याच्या निधीतून सुमारे ६१ हजार डॉलर पोहोचले. विद्यापीठास पूर्वीच्या अपराधांबद्दल आधीच शिक्षा झाली होती आणि क्रीडाविभागातील अधिकाऱ्यांस हा व्यवहार ठाऊक होता. राज्याचे गव्हर्नर बिल क्लेमेंट्स हे पूर्वी विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. खेळाडूंस दिलेली वचने पाळावयाची म्हणून पैसे चालू ठेवण्यात आपला सहभाग होता, हे त्यांनी मार्च १९८७ मध्ये मान्य केले. त्याआधीच, फेब्रुवारीत, असोसिएशनने संघाचा १९८७ चा संपूर्ण हंगाम रद्द केला होता. १९८८ चा हंगाम विद्यापीठाने स्वतःच सोडला. संघ पुन्हा मैदानात उतरला तो १९८९ मध्ये. अनेक खेळाडूंस अन्य विद्यापीठे शोधावी लागली आणि त्यांत एक पैसाही न घेतलेले तरुण होते. देणारा गावात प्रतिष्ठित राहतो आणि भोग विद्यार्थ्याच्या वाट्यास येतो, हे या प्रकरणाचे सार होय.

अलीकडील बदल

जुन्या नियमांवर एक न्याय्य आक्षेपही होता. ज्यांच्या खेळावर संस्था कोट्यवधी डॉलर मिळवीत, त्या खेळाडूंस स्वतःच्या नावाचाही मोबदला घेता येत नसे. शिक्षणाशी निगडित लाभांवर असोसिएशनने घातलेल्या मर्यादा २१ जून २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने अवैध ठरविल्या. पाठोपाठ १ जुलैपासून खेळाडूंस आपले नाव व छायाचित्र जाहिरातीस देऊन पैसे घेण्याची मुभा मिळाली. लगेच पाठीराख्यांनी एकत्र निधी उभारून जाहिरातीच्या नावाखाली खेळाडूंस आकर्षित करण्याचा मार्ग काढला. न्यायालयाने जून २०२५ मध्ये मंजूर केलेल्या तडजोडीनुसार संस्थांस आपल्या उत्पन्नाचा वाटा खेळाडूंस थेट देता येऊ लागला. त्याचबरोबर बाहेरून होणारा ६०० डॉलर वा त्याहून अधिक रकमेचा करार कळविणे खेळाडूवर बंधनकारक झाले. करार पाठीराख्याशी असल्यास त्यामागे खराखुरा व्यावसायिक हेतू आहे काय, आणि रक्कम वाजवी आहे काय, हे तपासले जाते. नियमांचे रूप असे पालटले. तथापि लपवून देऊ नये, कामावाचून देऊ नये, हा त्यांचा गाभा कायम आहे.

देणगी व समानता

आणखी एक तत्त्व ध्यानी घेण्याजोगे आहे. शिक्षणसंस्थांत स्त्रीपुरुष भेदभावास मनाई करणारा कायदा अमेरिकेत १९७२ मध्ये झाला. एखाद्या दात्याने केवळ मुलांच्या संघासाठी पैसा दिला, तरी मुलींना तोलामोलाच्या सोयी देण्याच्या कर्तव्यातून संस्था मुक्त होत नाही. पैसा दात्याचा असला, तरी न्याय संस्थेनेच करावयाचा असतो.

शिक्षकांनी घ्यावयाचा बोध

ग्रामीण शाळेतील देणगी काही बॅटी, एखादे जाळे वा धावपटूसाठी बुटांचा जोड, एवढीच असेल. परंतु तत्त्व लहानमोठे नसते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यानुसार, शासनाकडून, स्थानिक संस्थेकडून वा अन्य कोणाकडून मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे हे शाळा व्यवस्थापन समितीचे काम आहे. म्हणून दात्याचे दान शाळेच्या नावे व समितीच्या माहितीने यावे, त्याची नोंद राहावी, आणि गरजू विद्यार्थ्याचा जोड शाळेच्या हातून त्याच्या पायात पडावा. असे झाले म्हणजे विद्यार्थी कोणाचा मिंधा होत नाही, मागे बसलेली मुलगी विसरली जात नाही आणि दात्याचे नावही निर्मळ राहते. दात्यास हे नम्रपणे समजावून सांगणे, हेही शिक्षकाच्या कर्तव्याचेच एक अंग होय.