मँडर्ली आणि देवासचा वाडा

डाफ्ने द्यु मॉरिएच्या ‘रिबेका’ (1938) कादंबरीत दुसऱ्या बायकोचं नाव शेवटपर्यंत कळत नाही. मेलेली पहिली मात्र मँडर्ली या वाड्यात पानापानांवर वावरते. वाचकांनी वाद घालावा तो इथेच. ‘कोहरा’ (1964) या हिंदी चित्रपटरूपातली धाक दाखवणारी दाई येवल्याच्या ललिता पवारांनी उभी केली, आणि ती खरंच अंगावर येते.

पहिल्या राणीची रिकामी जागा देवासच्या वाड्यानेही पाहिली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कन्या आक्कासाहेब 1908 मध्ये देवास संस्थानच्या थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांशी लग्न होऊन आल्या. पुढे कोल्हापूरला परतल्या. 1921 मध्ये तुकोजीरावांचे खासगी सचिव असलेल्या ई. एम. फॉर्स्टर यांनी हा दरबार ‘द हिल ऑफ देवी’त (1953) टिपला आहे. धार-देवासच्या मराठी वाचकांनी ‘रिबेका’नंतर ते पुस्तकही हाती घ्यावं.